नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा पहिला प्रोजेक्ट: कूलर, ईएसपी३२ आणि हत्यारांची खरेदी

प्रश्न: मी नागपुरात राहते, बँकेत नोकरी करते. इलेक्ट्रॉनिक्सची आवड शाळेपासून आहे, पण हातानं कधी काही बनवलं नाही. घरच्या कूलरचा पंप गरजेप्रमाणे आपोआप चालू-बंद व्हावा आणि टाकीतलं पाणी संपत आलं की कळावं, असं काहीतरी करायचं आहे. पाच-सहा हजार रुपये खर्च करू शकते. प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांपैकी अर्डुइनो घेऊ की ईएसपी३२? ३७ सेन्सरचा तयार किट घ्यावा का? यूएसबी-सीवर चालणारे नवे सोल्डरिंग आयर्न आणि हातात मावणारे ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारी यंत्रं) दिसतात, ते नवशिक्यानं घ्यावेत का?

उत्तर:

ताई, पहिल्या प्रोजेक्टसाठी कूलर निवडलात हे फार चांगलं झालं. एलईडी लुकलुकवणारे प्रोजेक्ट दोन संध्याकाळी रमवतात आणि मग ड्रॉवरमध्ये पडून राहतात. कूलर मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत रोज चालतो. तुमच्या सर्किटमध्ये काही बिघडलं तर रात्री दोन वाजता घरातलं कुणीतरी तुम्हाला उठवणार, म्हणजे चाचणी आपोआप होते. शिवाय सेन्सर, निर्णय, मोटर, पाणी, २३० व्होल्ट आणि आपलं ऊन, हे सगळं या एका कामात येतं. तुमचे प्रश्न मी विचारलेल्या क्रमानं घेत नाही. कूलरला नेमकं काय हवं ते आधी ठरवू. ते ठरलं की बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू यादीतून आपोआप गळतात.

कूलर हवा थंड करतो तो पाणी हवेत उडवून. एक लिटर पाण्याचं बाष्प होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून काढून घेतली जाते. पण हवा किती खाली उतरू शकेल याला मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो जे तापमान दाखवतो, ते वेट बल्ब तापमान, ही ती मर्यादा. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण २३ अंश येतं. म्हणजे २१ अंशांची जागा आहे, म्हणून आपल्याकडे कूलर एसीला टक्कर देतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २९च्या आसपास राहतं. जागा उरली तीन अंशांची. अशा हवेत पंप चालवला तर खोली थंड होत नाही, फक्त गादी आणि भिंती ओलसर होतात. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवणं बरं.

तुमच्या प्रोजेक्टचा मेंदू इथे आहे. तापमान आणि आर्द्रता मोजायची, वेट बल्ब काढायचं, फरक सात अंशांपेक्षा जास्त असेल तर पंप चालू, पाचपेक्षा कमी झाला तर बंद. मधल्या दोन अंशांत जे चालू असेल तेच चालू ठेवायचं, नाहीतर रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, दर मिनिटाला टकटक करत बसेल. वेट बल्ब काढण्यासाठी रोलंड स्टल यांनी २०११ साली मांडलेलं सूत्र वापरा. त्यात फक्त तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी भरावी लागते आणि ते कोडच्या एका-दोन ओळींत बसतं. पाच आणि सात हे आकडे मात्र माझे आहेत. तुमची खोली, खिडकी आणि कूलरची गवताची किंवा हनीकॉम्बची जाळी पाहून ते बदला.

सेन्सर कुठे लावायचा, यात बहुतेकांची गल्लत होते. कूलरच्या झोतासमोर लावला तर तो कूलरनंच गार आणि ओली केलेली हवा मोजतो. पंप चालू झाला की आर्द्रता वाढलेली दिसते, पंप बंद होतो, मग आर्द्रता उतरते, पुन्हा चालू. आपल्याला कूलरमध्ये शिरणारी हवा मोजायची आहे. म्हणून सेन्सर बाहेरच्या बाजूला, सावलीत, जाळीपासून हातभर दूर आणि पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत असा हवा.

आता ३७ सेन्सरच्या किटबद्दल. घेऊ नका. त्यात आर्द्रतेसाठी डीएचटी११ येतो. त्याची आर्द्रता मोजण्याची मर्यादा २० टक्क्यांपासून सुरू होते, अचूकता पाच टक्के इकडे-तिकडे, आणि तापमान ५० अंशांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली सहज जाते, म्हणजे ज्या वेळी त्याची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी तो त्याच्या हद्दीबाहेर असतो. त्याऐवजी एसएचटी३१ किंवा एएचटी२० घ्या. दोन्ही शून्य ते शंभर टक्के मोजतात, अचूकता साधारण दोन टक्के, आणि दोन्ही आयटूसीवर म्हणजे पॉवर सोडून दोनच वायरींवर बोलतात. बीएमई२८० घ्यायचा विचार असेल तर काउंटरवरच खात्री करा, कारण त्याच्या नावाखाली बीएमपी२८० सर्रास विकला जातो. तो दिसायला जवळपास तसाच असतो, पण आर्द्रता मोजतच नाही. किटमधले बाकीचे पस्तीस-छत्तीस तुकडे तुम्ही कधी वापराल ते सांगता येत नाही. एक चांगला सेन्सर तुम्हाला जास्त शिकवेल.

इथे थोडं थांबतो, कारण नागपुरात छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या प्रत्येकाला मला हेच पहिल्यांदा सांगावंसं वाटतं: कोणताही भाग घेण्याआधी डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, त्याच्या तापमानाची ओळ वाचा. इंटरनेटवरचे बहुतेक प्रोजेक्ट २०-२५ अंशांच्या खोलीत बनवलेले असतात. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५-४६ अंश असतं, आणि गच्चीवर किंवा कूलरच्या पाठीशी उन्हात लावलेल्या बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त.

लिथियम आयन सेलचंच घ्या. बहुतेक सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची मर्यादा शून्य ते ४५ अंश दिलेली असते. म्हणजे सौर पॅनेल, टीपी४०५६ चार्जर आणि १८६५० नावाचा दंडगोल लिथियम सेल असा गच्चीवरचा लोकप्रिय प्रोजेक्ट आपल्याकडे मेच्या दुपारी नेमक्या त्या वेळी चार्ज होतो जेव्हा सेलला चार्ज करूच नये. त्यात टीपी४०५६ हा लिनियर चार्जर आहे. पाच व्होल्टमधून ३.७ व्होल्टच्या सेलला एक अँपिअर देताना तो सव्वा वॅटच्या वर उष्णता स्वतःच तयार करतो, तीही सेलच्या शेजारी. या चिपला सेलचं तापमान पाहण्यासाठी एक पिन आहे, पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मॉड्यूलवर ती पिन ग्राउंडला जोडून टाकलेली असते, म्हणजे तापमानाची राखण बंदच. बॅटरी लागणारच असेल तर ती घराच्या आत ठेवा आणि चार्जिंगचा करंट कमी करा. मॉड्यूलवरच्या १.२ किलोओहमच्या जागी २.४ किलोओहमचा रेझिस्टर लावला की एक अँपिअरचा अर्धा होतो. तुमच्या कूलरला बॅटरीची गरज नाही, वीज गेली की कूलरही बंद. तेव्हा हा भाग सरळ वगळा. आणि ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्या आकाराच्या खऱ्या सेलमध्ये त्याच्या निम्मीही क्षमता बसत नाही.

थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्याचंही तसंच. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत तो वाकडा होतो, झाकण बसेनासं होतं. पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतो, एएसए त्याहून पुढे, आणि एएसए ऊनही सोसतो. पण पहिल्या प्रोजेक्टला प्रिंटर कशाला? इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स स्वस्त असतो आणि तो याच कामासाठी बनवलेला असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग) १०५ अंशांचेच घ्या, ८५चे नकोत. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि वाढलं की निम्मं. साध्या १६ बाय २ एलसीडींपैकी अनेकांची हद्द ५० अंशांची असते, त्यापुढे पडदा काळवंडतो. छोटा ओएलईडी डिस्प्ले जास्त तापमान सहन करतो. ईएसपी३२चं मॉड्यूल स्वतः ८५ अंशांपर्यंत चालतं, त्याची काळजी नको.

बोर्डाचा प्रश्न यामुळे सोपा होतो. ईएसपी३२ घ्या. अर्डुइनो उनो आर३ हा शिकायला उत्तम बोर्ड आहे, त्यावर असंख्य लोक शिकले आणि त्याच्यामुळे या छंदाचं दार सर्वांना उघडलं, हे विसरता येत नाही. पण त्याच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम आहे, आणि वायफाय नाही. पाणी संपल्याचा निरोप फोनवर हवा असेल तर वायफाय लागेलच, आणि ते ईएसपी३२मध्ये आहे. रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू हाही चांगला पर्याय आहे, विशेषतः पायथनमध्ये लिहायचं असेल तर. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमनं अर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वेळी लिनक्स चालवणारा उनो क्यू आणला, तो तुमच्या वाचनात आला असेल. कूलरच्या पंपासाठी त्याची गरज नाही. अर्डुइनोची प्रोग्रॅमिंगची पद्धत मात्र जरूर वापरा, अर्डुइनो आयडीईमधून ईएसपी३२ छान चालतो.

ईएसपी३२ जोडताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. पिन ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, त्यांवर रिले चालणार नाही. पिन ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. पिन ०, २, १२ आणि १५ बोर्ड सुरू होताना वेगळं काम करतात, त्यांवर रिले लावला तर वीज आल्या आल्या तो एकदा उगीच खटकू शकतो. २५, २६, २७, ३२, ३३ या निर्धास्त. आणि बोर्डाला पाचच व्होल्ट द्या. व्हीआयएन पिनवर, म्हणजे बोर्डाला वीज देण्याच्या पिनवर, १२ व्होल्ट दिले तर बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर उरलेले सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो.

पाण्याच्या पातळीसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावावा असं अनेक जण सुचवतील. कूलरच्या उथळ टाकीत, पाणी सतत उसळत असताना, तो नीट चालत नाही. शिवाय आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना साधारण ३५८ मीटर. कोडमध्ये हे सुधारलं नाही तर मीटरभर अंतराच्या मापात चार-पाच सेंटिमीटरची चूक येते. गच्चीवरच्या मोठ्या टाकीसाठी तो ठीक आहे. कूलरसाठी प्लास्टिकचा फ्लोट स्विच घ्या, आत चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आलं की चालणारा स्विच) असलेला. तो स्वस्त, साधा आणि बिनचूक असतो. फक्त तो थेट पंपाच्या लाइनमध्ये जोडू नका. आतला रीड स्विच अगदी नाजूक असतो, त्याची क्षमता साधारण दहा वॅटची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे २३० व्होल्टची वायर पाण्यात जाते. फ्लोट स्विच ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टवरच ठेवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारांचा थर फ्लोटवर बसून तो अडकतो, म्हणून टाकी धुताना तोही पुसून घ्या.

आता सर्वांत गंभीर भाग. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात आणि महावितरण दरवर्षी याबद्दल आवाहन करतं. पत्र्याची बॉडी, पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि बिनअर्थिंगचा दोन पिनचा प्लग, एवढं पुरतं. तुमचं सर्किट लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन कामं करून घ्या. कूलरच्या बॉडीला खरं अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, तीन पिनचा प्लग दिसतो म्हणून अर्थिंग असतंच असं नाही. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहा. हा खर्च तुमच्या पाच-सहा हजारांत धरू नका. तो प्रोजेक्ट केला नाही तरी करायलाच हवा. आणि पाणी भरताना प्लग काढण्याची सवय ऑटोमॅटिक झाल्यावरही सोडू नका.

२३० व्होल्टची बाजू कशी करायची? झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेल्या तयार बोर्डावर, तर मुळीच नाही. त्यावरच्या दोन ठिपक्यांत मिलिमीटरभरही अंतर उरत नाही, आणि पावसाळ्यातला ओलावा आणि धूळ तेवढंही अंतर भरून काढते. तयार रिले मॉड्यूल घ्या, ऑप्टोकपलरवालं (म्हणजे इशारा उजेडातून पाठवून दोन बाजू वेगळ्या ठेवणारं), ज्यात रिलेच्या संपर्कांखाली बोर्डाला खाच कापलेली असते. रिलेनं फेज तोडायचा, न्यूट्रल नाही. न्यूट्रल तोडला तर पंप बंद दिसतो, पण त्यात फेज तसाच उभा राहतो. पाच व्होल्टसाठी बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेला साधा मोबाइल चार्जर वापरा. छोटी एसी-डीसी मॉड्यूलं मिळतात आणि चांगलीही असतात, पण त्यांच्याभोवती फ्यूज, एमओव्ही (जादा व्होल्ट शोषणारा भाग) आणि योग्य अंतर राखावं लागतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रोजेक्टला. २३० व्होल्टचे सगळे जोड स्क्रू टर्मिनलमध्ये, वायर ओढून पाहून, बंद डब्यात, आणि डबा पाण्यापासून लांब, कूलरच्या टाकीपेक्षा उंचावर.

पंपाची मोटर छोटी असते, साधारण १८ ते ४० वॅट, पण ती बंद होताना विजेचा जो धक्का परत फेकते त्यानं ईएसपी३२ रिसेट होतो किंवा डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटतात. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. उपाय पंपाजवळ आहे. त्याच्या दोन टोकांना १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर यांची सिरीज जोडणी, म्हणजे स्नबर, लावा. कपॅसिटरवर एक्स२ आणि २७५ व्होल्ट एसी लिहिलेलं असलंच पाहिजे. तयार स्नबरही मिळतात. सेन्सरची वायर पंपाच्या वायरीसोबत एकाच पाइपात नेऊ नका.

कूलरचा पंखा सध्या जुन्याच स्विचवर राहू द्या. त्याची मोटर मोठी असते. पंप एक अख्खा उन्हाळा नीट चालला की मग त्याकडे वळा.

हत्यारांकडे येतो. सगळ्यात आधी मल्टिमीटर, आणि त्यातच बजेटचा सर्वांत मोठा वाटा घाला. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर बॅटरीचे व्होल्ट आणि वायरचा सलगपणा पाहायला ठीक आहे, पण त्याच्या दहा अँपिअरच्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो आणि त्याच्या प्रोबचं इन्सुलेशन २३० व्होल्टवर विसंबण्यासारखं नसतं. हजार-दीड हजारात ऑटोरेंजिंग, फ्यूज असलेला, कॅट थ्री ६०० व्होल्ट (ही मीटरची सुरक्षा श्रेणी) लिहिलेला आणि ओळखीच्या कंपनीचा मीटर मिळतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डिजिटल मीटरनं तुटक्या किंवा मोकळ्या वायरीवर ६०-९० व्होल्ट दिसले की घाबरायला होतं. मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओहम असल्यामुळे शेजारच्या वायरीचा प्रभावही तो दाखवतो. पण कूलरच्या बॉडीवर असे व्होल्ट दिसले तर ते खोटे समजू नका, अर्थिंग तपासा.

सोल्डरिंग आयर्नबद्दल. पाइनसिलसारखी यूएसबी-सीवर चालणारी आयर्न खरोखर चांगली आहेत. पेन्सिलीएवढी, काही सेकंदांत गरम होतात, तापमान ठरवता येतं, फर्मवेअर ओपन सोर्स आहे. हे मला मनापासून आवडलेलं साधन आहे. पण त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) पद्धतीचा यूएसबी-सी चार्जर लागतो, आणि त्यावर २० व्होल्ट लिहिलेलं पाहून घ्या. फोनबरोबर येणारे अनेक फास्ट चार्जर त्यांच्याच कंपनीच्या पद्धतीनं वेगानं चार्ज करतात, पीडीवर मात्र पाच किंवा नऊ व्होल्टच देतात. मग आयर्न रांगतं. लॅपटॉपचा ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर घरात असेल तर असं आयर्न जरूर घ्या. नसेल तर चार्जरचा खर्च धरून ते बजेटबाहेर जाईल. मग तापमान कमी-जास्त करता येणारं ६० वॅटचं साधं आयर्न घ्या. २५ वॅटचं जुनं, ठराविक तापमानाचं आयर्न वायरींना पुरतं, पण ग्राउंडच्या जाड तांब्यावर दम तोडतं.

सोल्डर ६३/३७ घ्या, आत रोझिन (सोल्डर धरायला मदत करणारी राळ) असलेलं. ते १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मध्ये चिखलासारखं राहत नाही, त्यामुळे हात हलला तरी जोड कमी खराब होतात. आयर्न ३२० ते ३५०वर ठेवा. त्यात शिसं आहे, म्हणून नंतर साबणानं हात धुवा, स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम नको, धूर तोंडावर येऊ देऊ नका. आणि आपल्याकडे सगळे बसतात तसं कूलरच्या झोतात बसून सोल्डरिंग करू नका. टोक आणि जोड दोन्ही थंड पडतात, सोल्डर वरवर चिकटलेलं दिसतं पण आत धरत नाही. झोत बाजूला वळवा. त्याच कोरड्या हवेमुळे स्थिर वीजही आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त. आपल्याला चटका जाणवतो तो तीन हजार व्होल्टच्या आसपास, आणि मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं गेट साधारण २० व्होल्टच सहन करतं. नायलॉनचे कपडे, प्लास्टिकची खुर्ची टाळा, आणि भाग हातात घेण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा.

बाकी वस्तू झटपट सांगतो: डिसोल्डर पंप, फ्लक्स, कटर, वायर स्ट्रिपर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडून पाहायचा बोर्ड), जंपर वायर, बर्ग स्ट्रिप, हीट श्रिंक स्लीव्ह, रेझिस्टर-कपॅसिटरचे थोडे नग. जंपर वायर स्वस्त घेऊ नका. ब्रेडबोर्डवरच्या अर्ध्या तक्रारी तिथून येतात.

हातात मावणारा ऑसिलोस्कोप आत्ता नको. या प्रोजेक्टमध्ये तो लागत नाही, आणि हातात असला की लाइनला लावून पाहायचा मोह होतो, जे त्याच्याकडून करून घेणं धोक्याचं आहे. त्याच्याऐवजी पुढच्या टप्प्यात आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा छोटा लॉजिक ॲनालायझर घ्या. सिग्रॉकच्या पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरबरोबर तो सेन्सर आणि बोर्ड एकमेकांशी काय बोलत आहेत ते अक्षरशः वाचून दाखवतो. सेन्सर उत्तर देत नाही की कोड चुकीचा पत्ता विचारतो आहे, हे दोन मिनिटांत कळतं. कॉम्पोनंट टेस्टर हे दुसरं स्वस्त आणि गुणी साधन. भंगारातून काढलेला ट्रान्झिस्टर त्यात लावा, प्रकार, पाय आणि गेन स्क्रीनवर दिसतं.

सर्किट पक्कं झालं की पुढच्या वर्षी स्वतःची पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, बनवून पाहा. कायकॅड हे मोफत सॉफ्टवेअर १९९२ साली फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारा यांनी सुरू केलं, २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनं त्यात भर घातली, आणि आज ते व्यावसायिक कामालाही पुरतं. बोर्ड परदेशातून मागवले तर कस्टम आणि कुरिअरचा खर्च आधी पाहा. भारतातही बनवून मिळतात. घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड खोदण्याचं वेड मला समजतं, पण ते द्रावण नालीत ओतायचं नसतं, आणि डाग तर कशानंच निघत नाहीत.

खरेदी कुठे? मल्टिमीटर, सोल्डर, वायर, टर्मिनल, डबा हे बर्डीत जाऊन, हातात घेऊन घ्या. सीताबर्डीच्या मोदी नंबरांच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. तिथल्या माणसाला नुसतं 'रिले द्या' म्हणू नका. कॉइलचे व्होल्ट, संपर्काचे अँपिअर आणि कशासाठी हवा ते सांगा. तुम्ही कामाचं बोलता आहात हे कळलं की ते आतून बरा माल काढतात आणि चुकत असाल तर टोकतातही. सेन्सर आणि ईएसपी३२ ऑनलाइन मागवणं सोपं, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखी निवड इथे नाही. सुटीत मुंबईला गेलात तर यादी घेऊन जा.

बनवण्याचा क्रमही सांगतो, कारण सगळं एकदम जोडलं की चूक कुठे आहे ते सापडत नाही. आधी नुसता बोर्ड आणि सेन्सर ब्रेडबोर्डवर लावा आणि आठवडाभर आकडे नोंदवत राहा. वर्तमानपत्रातल्या तापमानाशी ताडून पाहा, आपल्या अंगणाचं आणि वेधशाळेचं तापमान वेगळं का येतं हेही त्यातून समजेल. मग फ्लोट स्विच. मग रिले, पण त्याला पंपाऐवजी १२ व्होल्टचा एक छोटा दिवा जोडा. वेट बल्बचा निर्णय दिव्यावर दोन-तीन दिवस बरोबर दिसला की मगच पंप, आणि तो जोडताना शेजारी कुणीतरी जाणतं असू द्या. पाणी संपलं की पंप बंद हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर ठेवा, सुका पंप लवकर जळतो. हाताने चालू करायचा एक स्विच समांतर ठेवा. तुम्ही गावाला गेलात आणि बोर्ड अडकला तर घरच्यांना कूलर चालवता आला पाहिजे. हा स्विचही रिलेसारखाच फेजवर.

याच वाटेनं पुढे संत्र्याच्या बागेसाठी काही करता येईल. काटोल-नरखेडकडे कुणाची बाग असेल तर झाडांना ताण देताना, म्हणजे बहरासाठी काही काळ पाणी तोडताना, मातीतली ओल मोजणं खरोखर उपयोगाचं असतं. तेव्हा दोन काटे मातीत खुपसायचा रेझिस्टिव्ह सेन्सर घेऊ नका, विद्युत विच्छेदनानं त्याचं तांबं काही आठवड्यांत झडतं. कपॅसिटिव्ह घ्या, आणि त्यावरची चिप टीएलसी५५५ आहे का पाहा. एनई५५५ला किमान साडेचार व्होल्ट लागतात, ३.३ व्होल्टवर ती भरवशाचं काम करत नाही.

कोड लिहायला एआयची मदत घेण्यात काहीच गैर नाही, पण त्यानं दिलेला पिन नंबर बोर्डाच्या पिनआउटशी, म्हणजे पिनांच्या नकाशाशी, स्वतः ताडून पाहा. ३४ नंबरवर रिले जोडायला सांगणारी उत्तरं मी पाहिली आहेत. वोक्वी या वेबसाइटवर ईएसपी३२चं सर्किट ब्राउझरमध्ये चालवून पाहता येतं, भाग घरी येईपर्यंत सुरुवात तिथे करा. आणि अडलात, कुणालाही विचारायला गेलात, तर सर्किटचा उजेडात काढलेला फोटो, पूर्ण कोड आणि तीन रीडिंग बरोबर ठेवा: बोर्डावर पाच व्होल्ट किती येतात, ३.३ व्होल्ट किती येतात, आणि रिले ओढताना ते किती खाली जातात.